अंतर सांगणारी दुर्बीण कशी निवडावी: हरणाच्या शिकारीला नव्याने निघालेल्यांसाठी

माझ्या पहिल्या रेंजफाइंडर, म्हणजे लेसर किरणाने अंतर मोजणाऱ्या, दुर्बिणीने पहिल्याच सकाळी मला ४७ मीटर असा आकडा दाखवला. हरीण उताराच्या पलीकडे, झाडीच्या कडेला चरत होतं. डोळ्यांच्या अंदाजाने दीडशे मीटर तरी सहज. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा ४७. तिसऱ्यांदा ४८. हरीण सावकाश झाडीत शिरलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी इमानेइतबारे समोरच्या वाळक्या गवताच्या तुऱ्याचं अंतर मोजत बसलो होतो. दुर्बिणीत काही बिघाड नव्हता. ती कुठल्या मोडवर आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि घेताना पेटीवरचा मोठा आकडा सोडून मी दुसरं काहीही पाहिलं नव्हतं.

तेव्हा पहिलीच खरेदी करणाऱ्यांसाठी, ज्या क्रमाने विचार करायला हवा होता त्या क्रमाने लिहितो. शिकारीला कायद्याने मोकळीक आहे, परवाना हातात आहे आणि हंगाम सुरू आहे, हे गृहीत धरलंय. परवान्याच्या नियमावलीत इलेक्ट्रॉनिक साधनांबद्दल काय म्हटलंय तेही दुकानात जाण्याआधी वाचून घ्या. काही ठिकाणी, विशेषतः धनुष्यबाणाच्या हंगामात, अशा साधनांवर बंधनं असतात.

पहिली पायरी: आपलं अंतर ठरवा

दुकानात जाण्याआधी चांदमारीच्या मैदानावर जा. २० सेंटिमीटर व्यासाची कागदी ताटली लावा. मध्यम आकाराच्या हरणाच्या फऱ्यामागे, जिथे हृदय आणि फुप्फुसं असतात, तिथली वर्मी लागणारी जागा साधारण २० ते २५ सेंटिमीटरची. लहान जातीच्या हरणात त्याहून कमी. आता टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून नव्हे, तर रानात जसे बसाल तसेच बसा, जमलं तर थोडं धावून येऊन, धापा टाकत. पाच गोळ्या झाडा. पाचही ताटलीत पडल्या तर ५० मीटर मागे सरका. जिथे पहिली गोळी ताटलीबाहेर जाईल, त्याच्या अलीकडचा टप्पा म्हणजे तुमचं अंतर. बहुतेक नवशिक्यांचं ते त्यांना वाटतं त्याच्या निम्मं निघतं. माझंही निघालं होतं.

हे आधी का करायचं? .३०८ किंवा .३०-०६ सारख्या काडतुसाच्या रायफलीचा नेम २०० मीटरवर जुळवलेला असेल, तर त्या २०० मीटरच्या आत गोळी नेमाच्या रेषेपासून पाच-सहा सेंटिमीटरच वरखाली असते. तिथे अंतर ११० आहे की १६० याने काही बिघडत नाही. ३०० मीटरवर मात्र तीच गोळी २५ सेंटिमीटरच्या आसपास खाली पडते आणि ४०० वर ७० च्या पुढेमागे. म्हणजे २५० समजून मारलेलं हरीण प्रत्यक्षात ३३० वर असेल, तर गोळी पोटाखालून जाते किंवा पाय मोडते. जखमी जनावर पळून जाणं ही शिकारीतली सगळ्यात वाईट गोष्ट. आणि डोळ्यांचा अंदाज नेमका याच टप्प्यात चुकतो. मधे दरी असली की अंतर जवळचं भासतं, अंधारून आलं की लांबचं, आणि पाडस एकटं उभं असेल तर मोजायला काहीच हाताशी नसतं.

तेव्हा तुमची शिकार दाट जंगलात, रायफलीने, १०० मीटरच्या आत असेल, तर मी सरळ सांगेन: साधी चांगली दुर्बीण घ्या आणि लेसरचा नाद सोडा. मोकळी शेतं, कुरणं, डोंगरउतार असतील तर पुढे वाचा. धनुर्धाऱ्यांनी तर वाचाच, कारण बाणाची उतरण इतकी जास्त असते की २० मीटरऐवजी २६ असले तरी बाण वर्मी जागेच्या खाली जाऊ शकतो.

एकत्र की वेगवेगळं?

लेसर आणि दुर्बीण एकत्र करायची कल्पना जुनी आहे. लायका या जर्मन कंपनीची जिओविड ही अशी दुर्बीण १९९२ मध्ये आली. पण आजही बरेच अनुभवी लोक साधी दुर्बीण गळ्यात आणि एका डोळ्याने पाहायचा छोटा रेंजफाइंडर खिशात, असेच फिरतात. त्यात तोटा एकच, पण मोठा. हरीण दिसलं, दुर्बीण खाली केली, खिशाची चेन उघडली, रेंजफाइंडर काढला, त्याच्या इवल्याशा गोलात हरीण पुन्हा शोधलं, तो ठेवला, रायफल उचलली. यातली प्रत्येक हालचाल हरणाला दिसते. एकत्र दुर्बिणीत पाहता पाहता बोट हलवलं की काम झालं.

उलट बाजूही ऐका. त्याच पैशात एकत्र यंत्राची काच साध्या दुर्बिणीपेक्षा एक पायरी खालची मिळते, आणि इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर दुर्बीणही दुरुस्तीला जाते. हात आखडता असेल तर मी वेगवेगळी घ्यायला सांगतो. स्वस्तातली एकत्र दुर्बीण घेऊन ऐन संध्याकाळी तिच्यातून काही दिसत नसेल, तर अंतर मोजायचं कशाचं?

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे लागू: रायफलीच्या स्कोपमधून रान न्याहाळायचं नाही. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते, आणि झुडपामागे हलणारी वस्तू माणूस असू शकतो.

दुसरी पायरी: काच

अशा दुर्बिणीने तुम्ही तासन्‌तास पाहणार आणि बटण दिवसातून पाच-सहा वेळा दाबणार. म्हणून काच आधी.

दुर्बिणीवर १०×४२ असं लिहिलेलं असतं. १० म्हणजे कितीपट जवळ दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. १०×४२ मध्ये तो ४.२ मिलिमीटर, ८×४२ मध्ये ५.२५, १०×५० मध्ये ५. दुर्बीण हातभर लांब धरा, मागच्या भिंगात छोटं उजळ वर्तुळ दिसेल, तेच हे. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे फरक कळत नाही. झुंजूमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला ती मोठी होते, तरुणपणी ७ मिलिमीटरपर्यंत, वय वाढत जाईल तशी कमी. आणि हरणं बाहेर पडतात ती नेमकी याच दोन वेळांना.

माझं मत: झाडीत आणि मिश्र प्रदेशात ८×४२, मोकळ्या रानात १०×४२. १० पटीपुढची दुर्बीण हातात थरथरते. १५×५६ सारखी मोठी घेतलीत तर तिकाटणं (ट्रायपॉड) सोबत आलंच. नवशिक्याला त्याची गरज नाही.

लेसरच्या दुर्बिणीत एक खास भानगड असते. आत येणाऱ्या प्रकाशातून लेसरचा प्रकाश वेगळा काढायला आणि आकडे दाखवायला नळीत एक जास्तीचा लेप दिलेला पृष्ठभाग असतो. त्याने थोडा प्रकाश खाल्ला जातो आणि कधी कधी चित्राला हिरवट किंवा निळसर झाक येते. पांढऱ्या भिंतीकडे आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने पाहा. किंचित फरक चालेल. डावीकडची भिंत पांढरी आणि उजवीकडची शेवाळलेली दिसत असेल तर ती दुर्बीण परत ठेवा.

दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली प्रत्येक दुर्बीण छान दिसते. म्हणून दाराबाहेर नेऊन पाहायची परवानगी मागा, जमल्यास संध्याकाळी. सावलीतली पाटी वाचून बघा. झाडाखालच्या काळोखात फांद्या वेगवेगळ्या दिसतात की सगळा एकच काळा गोळा? उजेडी आकाशासमोरच्या काटकीला जांभळी-हिरवी किनार किती आहे? दोन दुर्बिणी हातात घेऊन आलटून पालटून पाहिल्या, तर कुणी न सांगता उत्तर मिळतं.

चष्मा असेल तर डोळा आणि भिंग यांच्यात किमान १५-१६ मिलिमीटर जागा देणारी दुर्बीण घ्या. नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं आणि कोपऱ्यातले आकडे अर्धेच दिसतात.

तिसरी पायरी: पेटीवरचा आकडा

आता तो मोठा आकडा. यंत्र डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा झटका सोडतं, बहुतेकदा ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि तो समोरच्या वस्तूवरून परतायला किती वेळ लागला ते मोजतं. ३०० मीटर जाऊन परत यायला सुमारे २ मायक्रोसेकंद लागतात. गणित सोपं आहे. अडचण आहे ती पुरेसा प्रकाश परत येण्याची.

पेटीवर २,००० किंवा ३,००० लिहिलेलं असतं ते चमकदार, सपाट, तुमच्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागासाठी. रस्त्यावरची परावर्तक पाटी समजा. हरणाची केसाळ, मातकट, गोलसर कूस बराच प्रकाश पिऊन टाकते आणि उरलेला इकडेतिकडे विखुरते. बऱ्याच कंपन्या झाडासाठी आणि हरणासाठी वेगळे आकडे देतात, फक्त बारीक अक्षरांत. तेच शोधा. दिलेच नसतील तर मोठ्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरून चाला. कडक उन्हात तो आणखी घटतो, कारण सूर्याच्या प्रकाशात यंत्राला आपला परतलेला किरण ओळखणं जड जातं. संध्याकाळी तेच यंत्र जास्त लांबचं मोजतं. धुक्यात आणि पावसात थेंबांवरूनच किरण परततो आणि पंधरा-वीस मीटरचे भुताटकीचे आकडे दिसू लागतात.

पहिल्या पायरीत तुमचं अंतर २०० मीटर निघालं असेल, तर हरणासाठी ५०० मीटर मोजणारं यंत्रही पुरून उरतं. त्यापुढच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नका. धनुर्धाऱ्यांनी उलट टोक पाहावं: कमीत कमी किती अंतर मोजतं? काही यंत्रं दहा मीटरच्या आत गप्प बसतात.

किरण किती रुंद, आणि मोड कोणता

माझा ४७ मीटरचा घोळ इथला. लेसरचा किरण म्हणजे सुई नव्हे, टॉर्चच्या झोतासारखा तो पसरत जातो. माहितीपत्रकात हे मिलिरेडियनमध्ये दिलेलं असतं. १ मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. १.५ × ०.५ असं लिहिलं असेल तर ४०० मीटरवर किरणाचा ठसा ६० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर उंच होतो. तो हरणाच्या कुशीवर मावतो, पण मधल्या फांद्याही वाटेत घेतो. आकडे जितके छोटे तितकं बरं, मात्र फार बारीक किरण थरथरत्या हाताने हरणावर ठेवणं अवघड जातं.

म्हणून मोड असतात. ‘पहिलं लक्ष्य’ मोडवर यंत्र सगळ्यात जवळच्या वस्तूचं अंतर दाखवतं. मैदानात किंवा पाटीसाठी ठीक. ‘शेवटचं लक्ष्य’ मोडवर ते जवळचे परतावे सोडून मागच्या वस्तूचं अंतर देतं. हरणं झुडपांच्या कडेला, गवतात, फांद्यांमागे उभी असतात, त्यामुळे शिकारीला बहुतेक वेळा हाच मोड. त्यातही फसगत होते: हरीण कड्यावर एकटं असेल आणि नेम जरा वर गेला, तर मागच्या डोंगराचा आकडा येतो. यंत्रात मोड बदलायची सोय आहे का, आणि ती हातमोजे घालून, मेनूत पाच वेळा न शिरता जमते का, हे दुकानातच करून पाहा.

बटण दाबून धरल्यावर सतत मोजत राहणारा स्कॅन मोडही हवा. हरीण चालत असताना तो उपयोगी, आणि गवतातून चाचपडतानाही: आकडे ४७, ४७, १६२, ४८, १६३ असे उड्या मारू लागले की कुठला गवताचा आणि कुठला हरणाचा ते आपोआप कळतं.

कोन

गोळीवर किंवा बाणावर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतराइतका होतो. डोंगरावरून ३०° खाली ३०० मीटरवर हरीण असेल तर आडवं अंतर २६० मीटरच भरतं, आणि नेम २६० चा धरायचा. यंत्रातला कोनमापक हे आपोआप करतो. डोंगराळ प्रदेशात ही सोय असलीच पाहिजे.

सपाट रानातल्या मचाणासाठी मात्र तिचं फार कौतुक केलं जातं. ६ मीटर उंच मचाणावरून, बुंध्यापासून १५ मीटरवरच्या हरणापर्यंतचं तिरकं अंतर १६.२ मीटर. फरक सव्वा मीटरही नाही. हरीण जवळजवळ पायाशी आलं तरच तो लक्षात घेण्याजोगा होतो. फक्त पडद्यावर दिसतंय ते तिरकं अंतर की दुरुस्त केलेलं, हे नक्की माहीत हवं. काही यंत्रं दोन्ही दाखवतात आणि घाईत माणूस चुकीचा आकडा वाचतो.

आत बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर (गोळी किती खाली पडेल याचं गणित करणारा), मोबाइलशी जोडणी, हवेचा दाब, तापमान असं बरंच काही महागड्या यंत्रांत असतं. पहिल्या दोन हंगामांत ते बंद ठेवा. गोळीचा वेग चुकीचा भरलेला कॅल्क्युलेटर अगदी आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो.

आकडे दिसायला हवेत

काळे आकडे दाखवणारा एलसीडी पडदा दुपारी उत्तम, आणि संध्याकाळी झाडीच्या काळ्या पार्श्वभूमीवर गायब. लाल उजळणारे आकडे घ्या, पण त्यांचा उजेड कमी करता येतो का ते पाहा. नाहीतर अंधारात तो लाल ठिपका डोळ्यावर येतो आणि पुढची काही सेकंदं हरीण दिसेनासं होतं. स्वतःहून उजेड जुळवणारी यंत्रं सोयीची असतात, पण हाताने बदलायची मुभा मला जास्त आवडते.

दुर्बीण डोळ्यांना जुळवतानाही क्रम आहे. जिथे आकडे दिसतात त्या नळीत आधी आकडे रेखीव दिसेपर्यंत तिथली डायॉप्टर कडी (एका डोळ्यापुरती स्पष्टता जुळवणारी) फिरवा. मग त्याच डोळ्याने मधल्या चाकाने लांबची एखादी वस्तू स्पष्ट करा. शेवटी दुसऱ्या नळीची कडी फिरवून दुसरा डोळा जुळवा. उलट क्रमाने केलं तर चित्र स्पष्ट आणि आकडे पुसट, असा त्रास हंगामभर पुरतो. कडी कुठे आली त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. पिशवीत घासून ती फिरतेच.

वजन बहुतेकांचं ९०० ग्रॅम ते एक किलो असतं. गळ्यातल्या पट्ट्यावर दुपारपर्यंत मान धरते, म्हणून छातीवर बसणारा हार्नेस घ्या. तिकाटण्याला जोडायचं भोक आहे का तेही पाहा. बॅटरी बऱ्याचदा सीआर२ प्रकारची, ३ व्होल्टची. जास्तीची एक आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीत बॅटरी अचानक मान टाकते. नळ्यांत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असावा आणि दुर्बीण जलरोधक असावी, नाहीतर पहाटेच्या गारठ्यात आतून धुकं धरतं.

घेतल्यानंतर

पहिल्याच दिवशी एकक तपासा. यंत्र यार्डांवर असेल आणि तुमचा तक्ता मीटरचा, तर पडद्यावरचे ३०० म्हणजे प्रत्यक्षात २७४ मीटर.

मग किरण नेमका कुठे पडतो ते शोधा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकटा उभा असलेला खांब निवडा, शंभर-दीडशे मीटरवरचा. पडद्यावरचं वर्तुळ खांबाच्या डावीकडे ठेवून स्कॅन सुरू करा आणि हळूहळू उजवीकडे सरका. आकडा कुठे उमटला? मग उजवीकडून डावीकडे. छपराच्या कडेवर हेच वरून खाली आणि खालून वर करा. बऱ्याच दुर्बिणींत किरण वर्तुळाच्या अगदी मध्यावर नसतो. माझ्याकडच्या दुर्बिणीत तो जरा खाली-डावीकडे आहे. हे कळल्यापासून माझे निम्मे चुकीचे आकडे बंद झाले. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नका.

केसाळ कातडीवर यंत्र किती लांबचं मोजतं ते पाहायला चरणारी गुरं उत्तम. मालकाला विचारून संध्याकाळी कुंपणाबाहेर उभे राहा आणि काळ्या, तपकिरी, पांढऱ्या गायीवर आळीपाळीने बटण दाबा. काळी गाय किती आधी गप्प होते ते बघाल. तो आकडा वहीत लिहा. पेटीवरचा विसरलात तरी चालेल.

शिकारीच्या दिवशी मचाणावर किंवा लपणात बसल्या बसल्या, हरीण यायच्या आधी, ठळक खुणांची अंतरं मोजून कागदावर काढा: वाकडं झाड ८५, दगड १४०, कुंपणाचा कोपरा २१०. आपलं अंतर जिथे संपतं तिथली खूण नक्की शोधा. हरीण आल्यावर बटण दाबायलाही वेळ मिळाला नाही, तरी हा कागद असतो. वेळ मिळाला तर कोपरे गुडघ्यांवर किंवा काठीवर टेकवा, श्वास सोडा, दोनदा मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजा, आणि तोवर हरीण गेलं तर जाऊ द्या.

आणि नेम धरण्याआधीचा शेवटचा आकडा विसरू नका. गोळी लागल्यावर हरीण पळतं, आणि तुम्ही तिथे चालत गेलात की मचाणावरून दिसलेलं ते झुडूप कुठलं हे काही केल्या ओळखू येत नाही. सगळी झुडपं सारखीच. तेव्हा अंदाजाने तिथे पोहोचा, मागे वळा आणि आपल्या मचाणाच्या झाडावर लेसर टाका. मघाचा आकडा १६३ होता आणि आता १४९ येत असेल, तर मचाणापासून अजून १४ मीटर लांब जा. रक्ताचा माग तिथून शोधायला घ्या.